जुना कॅमेरा : हातात मावणारी प्रयोगशाळा

घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेतून कधी कधी एक जड, काळा-चंदेरी कॅमेरा बाहेर येतो. त्याचे चामडी आवरण कडक झालेले असते, पट्टा तुटलेला असतो आणि त्यासाठी लागणारा रोल आता मिळतो की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. असा कॅमेरा एक तर भंगारात जातो, नाही तर शोकेसमध्ये शोभेची वस्तू होऊन बसतो. निदान शिक्षकांच्या घरातला कॅमेरा तरी भंगारात जाऊ नये, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मोबाइलने फोटो घेताना प्रकाश किती आहे, भिंग कोठे असावे आणि प्रकाश किती वेळ आत घ्यावा, हे सर्व त्यातला संगणक ठरवतो. तो बहुतेक वेळा बरोबर ठरवतो. पण कसे ठरवले, हे दिसत नाही. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात हे तिन्ही निर्णय छायाचित्र घेणाऱ्यालाच घ्यावे लागतात. प्रत्येक निर्णयासाठी एक कडे किंवा चकती असते आणि तिच्यावर आकडे कोरलेले असतात. या आकड्यांमागे शाळेत शिकवला जाणारा प्रकाशाचा अभ्यास आहे, आणि फिल्मवर उमटणाऱ्या चित्रामागे रसायनशास्त्र आहे. शिवाय फोटो लगेच दिसत नसल्यामुळे आधी विचार करून अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढण्याचा छंद हा मोजमापाचा आणि तर्काचाही छंद होतो. तो कसा, ते क्रमाने पाहू या.

कोणता कॅमेरा उपयोगाचा?

३५ मिलिमीटर आणि १२० या दोन आकारांच्या फिल्म आजही तयार होतात. म्हणून यांपैकी एक आकार चालणारा कॅमेरा निवडावा. अनेक मराठी घरांत असणारा अग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा १२० च्या रोलवर चालतो. मात्र त्यात फेरफार करण्यासारखे फारसे काही नसते. अभ्यासासाठी ज्यात छिद्र, वेळ आणि अंतर या तिन्ही गोष्टी हाताने बदलता येतात, असा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा अधिक चांगला. सोव्हिएत संघात बनलेला झेनिट-ई आणि १९७६ ते १९९७ या काळात बनत असलेला पेंटॅक्स के-१००० ही त्याची चांगली उदाहरणे. के-१००० मध्ये बॅटरी फक्त प्रकाशमापकासाठी लागते. बाकी सर्व काम स्प्रिंगा आणि दंतचक्रे करतात. झेनिट-ई मधील प्रकाशमापकाला तर बॅटरीही लागत नाही. त्याच्या पुढच्या बाजूला सेलेनियमची पट्टी असते. तिच्यावर प्रकाश पडला की विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि काटा हलतो. सेलेनियमचा हा गुणधर्म ॲडम्स आणि डे या दोघांनी १८७६ साली दाखवून दिला. आजच्या सौर घटांचा हा पूर्वजच म्हणायचा.

कॅमेरा हाती आल्यावर प्रथम भिंगातून उजेडाकडे पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईसारख्या दमट हवेत ती हमखास धरते. चामड्याच्या बंद आवरणात कॅमेरा ठेवल्यास ती लवकर वाढते, म्हणून तो आवरणाबाहेर, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. मागच्या दाराच्या खाचेतील फोम चिकट झाला असेल, तर तो काढून तेथे काळी लोकर बसवावी. नाही तर फिल्मवर प्रकाश झिरपतो.

छिद्राचे विचित्र आकडे

भिंगाभोवतीच्या एका कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हे आकडे असे वेडेवाकडे का? आणि आकडा वाढला की छिद्र लहान का होते?

हा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. भिंग ५० मिलिमीटरचे असेल, तर आकडा २ असताना छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर, २.८ असताना सुमारे १८ मिलिमीटर आणि ४ असताना १२.५ मिलिमीटर असतो. भाजक मोठा म्हणजे व्यास लहान, एवढाच उलट्या क्रमाचा अर्थ. आता या वर्तुळांची क्षेत्रफळे काढा. ती अनुक्रमे सुमारे ४९१, २५० आणि १२३ चौरस मिलिमीटर येतात. म्हणजे प्रत्येक पायरीला क्षेत्रफळ निम्मे होते. क्षेत्रफळ निम्मे होण्यासाठी व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने भागावे लागते. २ ला १.४ ने गुणत गेले की २.८, ४, ५.६ ही मालिका आपोआप तयार होते. वर्गमूळ शिकवताना 'याचा व्यवहारात उपयोग काय?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात हे कडे द्यावे.

मग सरळ छिद्राचा व्यासच का कोरत नाहीत? कारण लांब नाभीय अंतराचे भिंग तीच वस्तू मोठी करून दाखवते, म्हणजे तोच प्रकाश अधिक जागेवर पसरवते. व्यास आणि नाभीय अंतर यांचे गुणोत्तर सारखे ठेवले, तर कोणत्याही भिंगात फिल्मवरील उजेड सारखाच पडतो.

शटर : सेकंदाचे तुकडे

दुसऱ्या चकतीवर १०००, ५००, २५०, १२५, ६०, ३० असे आकडे असतात. हे सेकंदाचे अपूर्णांक आहेत. १२५ म्हणजे १/१२५ सेकंद. येथेही प्रत्येक पायरीला वेळ जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी होते. त्यामुळे छिद्र एक पायरी मोठे केले आणि वेळ एक पायरी कमी केली, तर फिल्मला मिळणारा एकूण प्रकाश तेवढाच राहतो. छिद्र ८ व १/१२५ सेकंद, छिद्र ५.६ व १/२५० सेकंद, छिद्र ११ व १/६० सेकंद या तिन्ही जोड्या समान प्रकाश देतात.

मग निवड कशावरून करायची? समजा एक सायकलस्वार आपल्यापासून ५ मीटरवरून, सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा चालला आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगातून त्याची प्रतिमा सुमारे शंभरपट लहान पडते. १/१२५ सेकंदात तो ४० मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे फिल्मवर त्याची प्रतिमा ०.४ मिलिमीटर सरकते. फोटो मोठा केल्यावर तो पुसट दिसणारच. १/१००० सेकंदात हे सरकणे ०.०५ मिलिमीटरवर येते आणि साध्या आकाराच्या छपाईत ते फारसे जाणवत नाही. फोटो हलला की नाही हे असे गणिताने आधीच सांगता येते.

हे शटर चालते कसे, हे पाहण्यासाठी कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचे दार उघडावे. के-१००० मध्ये कापडाचे दोन पडदे दिसतात. पहिला सरकून वाट मोकळी करतो, ठरलेल्या वेळाने दुसरा मागून येऊन ती बंद करतो. १/१००० सेकंदाच्या वेळी पहिला पडदा पलीकडे पोहोचण्याच्या खूप आधी दुसरा निघालेला असतो. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची एक फट फिल्मवरून सरकत जाते. फ्लॅश मात्र क्षणात चमकून विझतो, म्हणून त्या क्षणी संपूर्ण चौकट उघडी हवी. या कॅमेऱ्यात १/६० सेकंदापेक्षा जलद वेळेला ती तशी नसते. फ्लॅशसाठी १/६० ची मर्यादा का, याचे उत्तर पडदे पाहिल्यावर मिळते.

आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी ते तपासावेत. आतले वंगण वाळल्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांचे शटर बहुधा मंद झालेले असते. यासाठी मोबाइलचाच उपयोग करता येतो. मागचे दार उघडून कॅमेरा खिडकीकडे धरावा आणि मोबाइलने सेकंदाला २४० चित्रे या गतीचे स्लो-मोशन चित्रण करावे. १/३० सेकंदाला सुमारे ८ चित्रांत उजेड दिसला पाहिजे, १/६० ला ४ चित्रांत. १ किंवा १/२ सेकंदासारख्या सावकाश वेळा तपासायच्या असतील, तर शटर उघडण्याचा आणि मिटण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून दोन आवाजांमधील अंतर मोजावे. घरात जुना रेकॉर्ड प्लेयर असेल तर आणखी एक रीत आहे. मिनिटाला ३३ १/३ फेरे म्हणजे सेकंदाला २०० अंश. तबकडीवर खडूचा ठिपका काढून वरून फोटो घेतला, तर १/८ सेकंदात २५ अंशांचा कंस उमटायला हवा. जास्त उमटला तर शटर किती सुस्त झाले आहे, ते कोनमापकाने काढता येईल.

उजेडाचा अंदाज आणि डोळ्यांची फसवणूक

प्रकाशमापक बंद पडलेला असला तरी अडत नाही. छायाचित्रकारांचा एक जुना नियम आहे. स्वच्छ उन्हात छिद्र १६ ठेवावे आणि फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा सेकंदाच्या छेदात ठेवावा. फिल्म ४०० आयएसओची असेल तर १/४००, म्हणजे चकतीवरील जवळचा आकडा ५००. ऊन धूसर असेल तर छिद्र ११, ढगाळ पण उजळ असेल तर ८, आणि आषाढातल्या भरून आलेल्या आकाशाखाली ५.६ किंवा ४. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन सोडले, तर सूर्यप्रकाशाची तीव्रता इतकी ठरलेली असते की हा नियम सहसा दगा देत नाही.

आता वर्गात या. डोळ्यांना वाटते की अंगणापेक्षा उजेड थोडाच कमी आहे. पण ४०० आयएसओच्या फिल्मसाठी येथे छिद्र २.८ आणि वेळ १/६० सेकंद लागते. १६ पासून २.८ पर्यंत पाच पायऱ्या आणि ५०० पासून ६० पर्यंत तीन, अशा एकूण आठ. प्रत्येक पायरी दुपटीची, म्हणजे २ चा आठवा घात, २५६. वर्गातील उजेड उन्हाच्या सुमारे अडीचशेपट कमी आहे! उन्हात सुमारे एक लाख लक्स आणि चांगल्या उजेडाच्या वर्गात तीन-चारशे लक्स असतात, हे लक्षात घेतले की हिशेब जुळतो. डोळ्याची बाहुली आणि दृष्टिपटल मिळून हा फरक आपल्यापासून लपवून ठेवतात. कॅमेऱ्याच्या कड्या फिरवताना तो बोटांना कळतो.

याच नियमाने पौर्णिमेच्या चंद्राचाही फोटो घेता येतो. मोठे नाभीय अंतर असलेले भिंग लावले, तरी छिद्र ११ च्या आसपासच ठेवतात. रात्री इतका कमी प्रकाश पुरतो कसा? चंद्रावर आपल्यासारखेच ऊन पडलेले असते आणि पसरट वस्तूच्या पृष्ठभागाची दीप्ती अंतराने कमी होत नाही. मात्र चंद्राची माती काळसर असून ती पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच परत पाठवते, म्हणून १६ ऐवजी ११.

भिंग पुढे का सरकते?

तिसऱ्या कड्यावर मीटरमध्ये अंतरे लिहिलेली असतात. ते फिरवले की भिंग पुढे-मागे सरकते. बहिर्वक्र भिंगाचे सूत्र येथे प्रत्यक्ष पडताळता येते. भिंग ५० मिलिमीटरचे असेल तर फार दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून ५० मिलिमीटरवर पडते. १० मीटरवरील वस्तूची ५०.२५ वर, २ मीटरवरील वस्तूची ५१.२८ वर आणि १ मीटरवरील वस्तूची ५२.६३ मिलिमीटरवर. म्हणजे अनंतापासून १ मीटरपर्यंत येताना भिंग सुमारे २.६ मिलिमीटर पुढे आले पाहिजे. व्हर्नियर कॅलिपरने नळीची लांबी दोन्ही स्थितींत मोजून पाहावी.

मोजमाप थोडे जास्त, २.८ मिलिमीटरच्या जवळ, येण्याची शक्यता आहे. कारण कड्यावरील अंतर भिंगापासून मोजलेले नसून फिल्मच्या पातळीपासून मोजलेले असते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बहुधा एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ कोरलेली असते. तीच ही पातळी. वस्तू ते फिल्म हे अंतर १ मीटर धरून सूत्र पुन्हा मांडले, तर २.८ हे उत्तर मिळते. अकरावीच्या विद्यार्थ्यांना वर्गसमीकरण सोडवण्यासाठी इतके चांगले निमित्त क्वचितच मिळेल. कड्यावर १० मीटर आणि अनंत या खुणा अगदी चिकटून का असतात, तेही वरच्या आकड्यांवरून कळते. दहा मीटरपासून अनंतापर्यंतचे सारे जग भिंगाच्या पाव मिलिमीटर हालचालीत सामावते.

फिल्मवर काय घडते?

कृष्णधवल फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. या थरात चांदीच्या ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. त्यात थोडे आयोडाइडही असते. स्फटिकावर प्रकाशकण पडला की ब्रोमाइड आयनातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो स्फटिकावरील एखाद्या विशिष्ट ठिकाणी अडकतो, तेथे चांदीचा धन आयन ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. हे स्पष्टीकरण गर्नी आणि मॉट यांनी १९३८ साली मांडले. एकाच जागी असे साधारण चार अणू जमले की तो स्फटिक 'निवडला' जातो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. या अदृश्य नोंदीला सुप्त प्रतिमा म्हणतात.

इलेक्ट्रॉन अडकण्याची ती विशिष्ट जागा कोठून येते, याची हकिकत मोठी गमतीची आहे. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनवतात. काही जिलेटिनपासून उत्तम फिल्म बनत असे, काहींपासून मंद. कोडॅक कंपनीतील सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२५ साली याचे कारण शोधले. चांगल्या जिलेटिनमध्ये मोहरीच्या तेलात असते तसले गंधकयुक्त संयुग अत्यल्प प्रमाणात होते. जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून ते आले होते. त्यातील गंधकामुळे स्फटिकांवर चांदीच्या सल्फाइडचे ठिपके तयार होतात आणि त्या ठिपक्यांवर इलेक्ट्रॉन अडकतात. त्यानंतर गंधक मोजून-मापून मिसळले जाऊ लागले.

सुप्त प्रतिमेच्या या वर्णनावरून आणखी एक कोडे सुटते. प्रकाश निम्मा आणि वेळ दुप्पट केली तर परिणाम सारखाच, असे आपण वर म्हटले. परंतु रात्रीच्या दीर्घ फोटोंना हा नियम लागू पडत नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १८९९ च्या सुमारास ताऱ्यांची छायाचित्रे तपासताना याचा पद्धतशीर अभ्यास केला. कृष्णविवरांच्या संदर्भात ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे शास्त्रज्ञ. चांदीचा एकटा अणू टिकाऊ नसतो. प्रकाश फारच मंद असेल तर दुसरा अणू तयार होण्यापूर्वी पहिला पुन्हा आयन होऊन जातो आणि आधीचे श्रम वाया जातात. म्हणून इल्फर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला मापकाप्रमाणे १० सेकंद पुरे असतील, तेथे प्रत्यक्षात सुमारे २० सेकंद द्यावे लागतात.

कॉफीत धुतलेली फिल्म

सुप्त प्रतिमा दृश्य करण्याचे काम डेव्हलपर करतो. तो एक क्षपणक असतो. ज्या स्फटिकावर चांदीचे ते चार अणू आहेत, त्या संपूर्ण स्फटिकाचे रूपांतर तो काळ्या चांदीत करतो. स्फटिकात चांदीचे आयन अब्जावधी असतात. म्हणजे मूळ नोंद सुमारे अब्जपट मोठी होते! निवडले न गेलेले स्फटिक तसेच राहतात. ते फिक्सरने विरघळवून काढायचे असतात. फिक्सर म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ज्याला आपण हायपो म्हणतो. ते चांदीचे क्षार विरघळवते, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली नोंदवले होते. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला, तेव्हा हे वीस वर्षांपूर्वीचे निरीक्षण कामी आले. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही हर्शेल यांनीच रूढ केले.

डेव्हलपर विकत मिळतो, पण शाळेसाठी एक सोपा पर्याय आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांसह १९९५ साली कॉफी आणि धुण्याचा सोडा यांचा डेव्हलपर तयार केला. कॉफीतील कॅफेइक आम्ल क्षपणकाचे काम करते, सोडा द्रावण अल्कधर्मी ठेवतो. पुढे त्यात क जीवनसत्त्वाची भर पडली. प्रचलित कृतीत १ लिटर पाण्याला निर्जल सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम घेतात. २० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे लागतात. आपल्याकडील बऱ्याच कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, म्हणून शुद्ध कॉफीची बाटली घ्यावी. सोड्याचे स्फटिक मिळाले तर त्यात पाण्याचे दहा रेणू असतात. रेणुभार १०६ ऐवजी २८६, म्हणून ५४ ऐवजी सुमारे १४६ ग्रॅम घ्यावे लागतील.

तापमान महत्त्वाचे आहे. २० अंशांना १० मिनिटे लागणाऱ्या बाजारच्या डेव्हलपरला २४ अंशांना सुमारे ७ मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात नळाचे पाणी तिशीच्या पुढे असते आणि गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडते. अशा वेळी माठातले पाणी आणि बर्फाचे दोन-चार खडे यांनी काम भागते.

यातील रसायनशास्त्र दाखवायला अंधारखोलीही लागत नाही. रोल कॅमेऱ्यात भरताना बाहेर राहिलेल्या टोकाला उजेड लागलेलाच असतो. त्याचे तीन तुकडे कापावेत. पहिला कॉफीच्या डेव्हलपरमध्ये टाकला की काळा पडतो. दुसरा सरळ हायपोत टाकला की काही मिनिटांत पारदर्शक होतो. तिसरा आधी डेव्हलपरमध्ये आणि पाण्यात खळबळून मग हायपोत टाकला, तरी काळाच राहतो. तिन्ही तुकडे शेजारी ठेवून 'असे का?' एवढेच विचारावे. हातमोजे वापरावेत. वापरलेल्या हायपोत चांदी असते, म्हणून ते मोरीत ओतू नये. त्यात लोखंडी तारेचा काथ्या टाकून ठेवला की लोह विरघळते आणि चांदी खाली बसते. पाठ्यपुस्तकातील विस्थापन अभिक्रिया ती हीच.

छत्तीस विद्यार्थी, एक रोल

फिल्म आता स्वस्त राहिलेली नाही. उटीला १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' या नावाने फिल्म बनवीत असे. तो बंद झाला आणि आज फिल्म परदेशातूनच येते. मागणी मात्र संपलेली नाही. हाताने फिल्म पुढे सरकवण्याचा पेंटॅक्स-१७ हा नवा कॅमेरा २०२४ साली बाजारात आला.

चांगल्या डिजिटल संवेदकापेक्षा फिल्म सरस आहे, असे आमचे म्हणणे नाही. पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी फिल्म एक-दोनांचाच उपयोग करते, तर खगोलशास्त्रातील उत्तम संवेदक नव्वदांच्या जवळ जातात. दुर्बिणींवरून फिल्म गेली ती याच कारणाने. पण मोबाइलमध्ये उत्तर प्रश्नाच्या आधी समोर येते. फोटो बिघडला तर पुसून दुसरा काढतात. तो का बिघडला, हे कोणी विचारत नाही. फिल्मच्या बाबतीत विद्यार्थ्याला आधी अंदाज बांधावा लागतो, तो कागदावर ठेवावा लागतो आणि काही दिवस वाट पाहावी लागते. विज्ञानातील प्रयोगाची रीत हीच आहे, आणि आपल्या प्रयोगवह्यांतून ती झपाट्याने नाहीशी होत आहे. तेथे उत्तर आधीच माहीत असते.

म्हणून आम्ही असे सुचवतो. ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस चौकटी असतात. एका वर्गाने मिळून एक रोल घ्यावा आणि प्रत्येकाला एकच चौकट द्यावी. शटर दाबण्यापूर्वी विद्यार्थ्याने वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : उजेड कसा आहे, छिद्र, वेळ, अंतर, आणि फोटो कसा येईल याचा अंदाज. एकाने पंखा फिरताना घ्यावा, दुसऱ्याने नळाची धार, तिसऱ्याने मैदानात धावणारा मित्र, चौथ्याने फळ्यासमोरचे बाई किंवा सर. हवे तर काही चौकटी राखून ठेवून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचा दर दिवशी एक फोटो घ्यावा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली रोपाच्या वाढीचे असेच टप्प्याटप्प्याने चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला होता.

फिल्म धुऊन वाळल्यावर ती मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पांढऱ्या पडद्यापासून थोडी दूर धरून तिचे फोटो घ्यावेत आणि रंग उलटे करून भिंतीवर दाखवावेत. मग प्रत्येकाने आपली वही उघडावी. काहींचे अंदाज बरोबर निघतील. काहींच्या चौकटी अगदी पारदर्शक, म्हणजे प्रकाश कमी पडलेल्या; काहींच्या काळ्याकुट्ट, म्हणजे जास्त पडलेल्या. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश दोन-तीन पायऱ्यांपर्यंत सहन करते, कमी प्रकाश मात्र एखादीच पायरी. त्यामुळे शंका असेल तेव्हा प्रकाश थोडा अधिकच द्यावा, हा अनुभवी लोकांचा सल्ला वर्गाला स्वतःच्या चौकटींतूनच सापडेल. बिघडलेल्या चौकटीला गुण कमी देऊ नयेत. ती का बिघडली, हे वहीतल्या आकड्यांवरून ज्याला सांगता आले, त्याचा प्रयोग पूर्ण झाला.

कॅमेरा विकत घेण्याची घाई करू नये. आधी वर्गात विचारावे, 'तुमच्या घरी आजोबांचा किंवा मामांचा जुना कॅमेरा आहे का?' पुढच्या सोमवारी टेबलावर दोन-तीन तरी जमलेले असतील.